तिसऱ्या खाचराला दिलेलं पाणी

वामन, तुझ्याविषयी गहिवरून बोलणाऱ्या माणसांची मला शिसारी येते. आणि त्या माणसांत मी पहिला आहे.

गेल्या महिन्यात कर्जतला शाळेच्या पडवीत तुझी शोकसभा झाली. आपले साहेब खास मुंबईहून आले होते. अंगात तोच कोट, खिशात तोच पांढरा रुमाल. तुझ्या फोटोला हार घालून म्हणाले, "वामनराव म्हणजे कापसासारखा शुभ्र माणूस. अशा निःस्पृह कार्यकर्त्याच्या हातून मोठं काम व्हायचं होतं, पण नियतीच्या मनात ते नव्हतं." नियतीच्या! लोकांनी माना डोलावल्या. मग मला उठवलं. मी तुझा मित्र, तुझा सहकारी, पाच वर्षं तुझ्याबरोबर एका शेतावर राबलेला. मी म्हणालो की वामन माझा गुरू होता, त्याची नजर म्हणजे देणगी होती. बोलता बोलता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी आलं, वामन, ढोंग नव्हतं ते. त्याचीच मला सगळ्यात जास्त किळस आली. सभा संपल्यावर साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, "छान बोललात, बाळूभाऊ." मी शाळेच्या मागे चिंचेखाली जाऊन ओकलो.

त्या दिवशी जे बोलायला हवं होतं ते आता लिहितो. तुला ऐकू जाणार नाही हे ठाऊक असूनही लिहितो, कारण ऐकू जात होतं तेव्हा मी गप्प राहिलो.

तू कळंबच्या शेतावर पहिल्यांदा आलास तो दिवस मला आठवतो. तू वऱ्हाडातला, कापसाच्या काळ्या मातीतला. मी खालापूरचा, सात पिढ्या भात लावणारा. मुंबईच्या एका गिरणीवाल्या शेटजींनी नदीकाठची जमीन घेऊन प्रयोगाचं शेत काढलं होतं, आणि साहेब त्याचे व्यवस्थापक होते. शेटजींना मुंबईच्या जवळ कापूस हवा होता. तू खाचराच्या बांधावर उभा राहून माती मुठीत दाबलीस, हुंगलीस आणि तोंड वाकडं केलंस. म्हणालास, "इथं काय कापूस येते बाप्पा! ही तर चिकलाची माती हाय." मला राग आला. मी म्हणालो, "मग आलात कशाला?" तू हसलास. "नाही येत म्हणूनच आलो ना."

मग रोज भांडण. पावसाळाभर इथल्या जमिनीत भात असतो, म्हणजे कापूस पेरायचा तो भात कापल्यावर, मार्गशीर्षात. तुमच्याकडच्या शेतकऱ्याने मार्गशीर्षात कापूस पेरतो म्हटलं तर घरचे त्याला वैद्याकडे नेतील. इतक्या उशिरा पेरलेलं झाड थंडीत खुंटतं, माघात फुलं गाळतं आणि फाल्गुनात जमिनीला भेगा पडल्या की उभ्या उभ्या वाळतं. तुला असं झाड हवं होतं जे उशीर सोसेल. भाताने मागे ठेवलेल्या ओलीवरच जे मूळ खाली घालेल, ज्याला वरून थेंबभर पाणी लागणार नाही, आणि वळवाच्या आत ज्याचं बोंड फुटेल. मी म्हणायचो, "ही जमीन दुसऱ्या पिकाला वाल देते, आणि वाल खाता येतो. हिला कापूस शिकवू नकोस." तू म्हणायचास, "अन् अंगावर काय वाल गुंडाळतं काय लोकं?"

ते लढाईचे दिवस होते. कापडाचं रेशन होतं आणि रेशनवरही कापड नव्हतं. एकदा आपण कळंबला धोंडूबाबाच्या घरी ताक प्यायला थांबलो. म्हाताऱ्याने हाक मारली तर सून चांगुणा दाराआडून बोलली, बाहेर आली नाही. म्हातारा खाली बघत म्हणाला, "लुगडं सासू नेसून गेलीय बाजारला, कशेळ्याला. ती आली का ही भाईर येल." तू ताकाचं भांडं खाली ठेवलंस. शेतावर आल्यावर म्हणालास, "बाळू, आता वाद बंद." खरोखरच तू त्यानंतर वाद घातला नाहीस. मी घालत राहिलो.

तू काम कसं करायचास ते मी कितीदा लोकांना रंगवून सांगितलं आहे. कलत्या उन्हात उद्या फुलणारी कळी हेरायची, नखाने तिच्या पाकळ्या सोलायच्या, आतले पुंकेसर एकेक करून काढायचे, वर कागदाची टोपी घालायची. सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलातले पराग आणून तिला लावायचे आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. तुझी बोटं जाड होती, शेतकऱ्याची, पण त्या कामात ती सोनाराची होत. तू गर्विष्ठही होतास. झाडापुढे उभा राहून "हे जगते, हे मरते" असं सांगायचास आणि बहुतेक तसंच व्हायचं. खरं ठरलं की माझ्याकडे असा बघायचास की तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटे. भाताला तू आळशाचं पीक म्हणायचास. ते मी तुला अजून माफ केलेलं नाही.

चौथ्या वर्षी तू तीन खाचरं पेरलीस. पहिल्यात आमच्याकडे परसात असतो तो कापूस, दुसऱ्यात वऱ्हाडातून आणलेला, आणि तिसऱ्यात तुझ्या संकराची चौथी पिढी. तिन्हींनाही पाणी द्यायचं नव्हतं, सगळी परीक्षा तीच होती. तू मला समजावलं होतंस, "तिसऱ्यात सगळी झाडं सारखी नाहीत. त्यातली पुष्कळ मरतील. मरू दे. मरणारी मेली म्हणजेच जगणारी कोणती ते कळेल. त्यांचंच बी आपल्याला पाहिजे."

माघ सरता सरता तुझ्या आईच्या जाण्याची तार आली. तू वऱ्हाडात गेलास. जाताना तिन्ही खाचरं मला सोपवलीस. म्हणालास, "काही करू नको. नुसतं बघ."

तू गेलास आणि चौथ्या दिवशी साहेब आले. पहिलं खाचर वाळलं होतं, दुसरं माना टाकत होतं. तिसऱ्यात काही झाडं तग धरून होती, बाकीची पिवळी पडली होती. तुझ्या डोळ्याने पाहिलं तर सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. साहेबांनी बांधावरून छडीने दाखवलं. "हे काय? शेटजी पाहुणे घेऊन येतायत. त्यांना ही स्मशानभूमी दाखवायची?" मी सांगितलं, "वामनराव म्हणाले होते की यातली पुष्कळ मरतील." ते म्हणाले, "वामनराव इथे नाहीत. तुम्ही आहात. शेटजींच्या भाजीच्या मळ्याचा पाट या खाचराच्या अंगावरूनच जातो ना?" आणि छडी काखेत मारून, "तुम्हाला अजून कायम केलेलं नाही, नाही का?"

एवढंच. ओरडले नाहीत, धमकी दिली नाही. रुमालाने कपाळ पुसलं आणि बंगल्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मजूर जेवायला गेले तेव्हा मी फावडं घेतलं आणि पाटाचा बांध फोडला. नदीवरचं इंजिन मळ्यासाठी रोजच चालायचं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. पाणी तिसऱ्या खाचरात शिरलं आणि भेगा ते पिऊ लागल्या. त्याचा आवाज येतो, वामन. तहानलेलं जनावर पितं तसा. मी फावड्यावर रेलून ऐकत उभा राहिलो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. आठ दिवसांनी पुन्हा एकदा दिलं. पिवळी झाडं हिरवी झाली. मग साहेबांच्याच सांगण्यावरून मी कोळपं फिरवून वरची माती मोकळी केली, म्हणजे पाण्याने धरलेली पापडी दिसू नये.

पुढे पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगायचो की हे मी तुझ्यासाठी केलं, तुझं नाव व्हावं म्हणून. खोटं आहे. मी नोकरीसाठी केलं.

तू परत आलास तो डोकं भादरलेला, वाळलेला. पिशवी ओसरीवर टाकून थेट शेतात गेलास. मी मागोमाग. तिसऱ्या खाचरापाशी तू थबकलास. मग बसलास, माती चाचपलीस आणि मान वर करून विचारलंस, "पाणी देल्लं होतं काय?"

मी म्हणालो, "नाही."

"मग ह्या भेगा काऊन बुजल्या?"

"मी कोळपं फिरवलं. मुळं उघडी पडू नयेत म्हणून."

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं तू आता बोट घालून खालची ओल बघशील. एक वीत माती उकरली असतीस तर सगळं उघडं पडलं असतं. तू उकरली नाहीस. उठलास, माझे दोन्ही खांदे धरलेस आणि म्हणालास, "शाबास! हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. भातवाल्याची अक्कल कामी आली राजा!" आणि मग तू तिथेच, त्या हिरव्या झाडांत उभा राहून रडलास. आईसाठी रडलास की कापसासाठी, ते मला कळलं नाही. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होतो. त्याच हाताने. तो हात मी अजून वापरतो, त्याने जेवतो, त्याने हे लिहितो.

शेटजी आले, पाहुणे आले. बांधावर खुर्च्या मांडल्या, सरबत दिलं. एकाने फुटलेलं बोंड कोटाला लावलं. शेटजी म्हणाले, "यंदाच बी वाटून टाका." तू हात जोडून म्हणालास, "अजून एक वर्ष द्या. इतकी झाडं जगली हे मलाच नवल वाटते. पुन्हा एकदा पाहू द्या." म्हणजे तुझी नजर तुला सांगत होती, वामन! काहीतरी जास्त चांगलं झालंय, हे तिला कळलं होतं. पण साहेब हसून म्हणाले, "शास्त्रज्ञांना नेहमी अजून एक वर्षच हवं असतं." सगळे हसले. मीही हसलो.

त्यातही तू अडून बसू शकला असतास. तुझा स्वभाव तसा होता. बसला नाहीस तो त्या दाराआडच्या आवाजामुळे, हे मला माहीत आहे. आणि मी पाणी दिलं नसतं तर मरायची ती झाडं मेली असती, मोजकी उरली असती, आणि तू त्यांचंच बी धरलं असतंस. मरणाऱ्यांना मी वाचवलं. तू विश्वासाने सगळ्यांचं बी एकत्र केलंस.

पुढच्या वर्षी कळंबच्या पाच घरांनी आपलं वालाचं रान कापसाला दिलं. आधी कुणी तयार नव्हतं. धोंडूबाबा म्हणाला, "मास्तर, वाल घरात आला का आमची पावसाची भाजी झाली. कापूस नाय आला तर आमी काय खावं?" सगळे तुला कापूसमास्तर म्हणत. तू म्हणालास, "बाबा, आला नाही तर माझ्या दारात येऊन विचारा." मग पाची घरी जाऊन तू स्वतः कोळपं कसं फिरवायचं ते शिकवलंस. भेगा बुजवल्या की ओल टिकते, ही सगळी किमया कोळप्याची. आमच्या बाळूभाऊंनी शोधलं, असं सांगायचास. माघाच्या उन्हात ती माणसं वाकून वाकून कोळपत होती. चांगुणा तर गरोदर होती. माझं नाव घेऊन कोळपत होती.

मी तेव्हाही बोलू शकत होतो. पेरणीच्या आधी बोललो असतो तर वाल वाचला असता. नंतर बोललो असतो तर निदान ते कोळपणं वाचलं असतं. मी कायम झालो होतो.

कापूस गुडघ्याएवढा झाला आणि थांबला. फुलं आली ती गळली. जी बोंडं धरली ती सुपारीएवढी होऊन कोरडी पडली. शेजारच्या रानात लोक वालाच्या शेंगा मडक्यात घालून पोपटी लावत होते, त्याचा वास या पाच घरांवरून जात होता. होळी झाली आणि एका सकाळी चांगुणा टोपली घेऊन शेतावर आली, कडेवर महिन्याचं मूल. ओसरीत तू, मी आणि साहेब बसलो होतो. तिने टोपली तुझ्या पुढ्यात उपडी केली. काळी, सुरकुतलेली बोंडं घरंगळत माझ्या पायापर्यंत आली.

"ह्यो घ्या तुमचा कापूस, मास्तर. भाजून खावा, नायतर उकडून खावा. आमच्या पोरांना दावा कसा खायाचा."

साहेब ओरडले, "ए बाई, तोंड सांभाळ! तुम्ही लोकांनी नीट मशागत केली नसणार."

ती त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही. तुझ्याकडे बघत उभी राहिली. तू उठलास, खाली बसून एकेक बोंड वेचून टोपलीत घातलंस आणि टोपली तिच्या हातात दिलीस. म्हणालास, "मशागत बरोबर होती. मी चुकलो." आणि त्याच दिवशी तू कळंबला गेलास, मारुतीच्या देवळापुढे पाची घरच्या माणसांसमोर उभा राहिलास आणि हात जोडलेस. "तुमचा वाल माझ्यामुळे गेला. माझी नजर चुकली." मी तुझ्या मागे उभा होतो. लोकांना वाटलं, मित्र असावा तर असा.

साहेबांनी अहवाल लिहिला की शेतकऱ्यांच्या आळसामुळे वाण फसला. तुझी सही मागितली. तू दिली नाहीस. उलट कागद घेऊन लिहिलंस की निवड सदोष होती आणि दोष सर्वस्वी माझा आहे. महिन्याभरात तुला काढून टाकलं. शेत मोडलं, उरलेली सरकी बंगल्यावरच्या गाईंना घातली. आता तिथे शेटजींची कलमी आंब्यांची बाग आहे. तिची देखरेख मी करतो. राहायला तुझीच खोली आहे, मोठी आहे, हवेशीर आहे.

तू वऱ्हाडात परत गेला नाहीस. कर्जतच्या भाताच्या गिरणीत वजनाच्या काट्यावर उभा राहिलास. ज्या पिकाला तू आळशाचं म्हणायचास त्याचा तूस तुझ्या छातीत गेला. मी येता-जाता भेटायचो, आंबे आणायचो. तू आंबा हुंगायचास, बाजूला ठेवायचास आणि तेच विचारायचास. "बाळू, मला त्या झाडांत काय दिसलं असंल रे? मी इतका आंधळा कसा झालो?" मी म्हणायचो, "सोड ना आता. होतं असं." शेवटच्या दुखण्यात तुला धाप लागायची, दोन शब्दांमध्ये थांबावं लागायचं. तरी तेच. "नजर... अशी कशी... चुकली?" मी तुझ्या तोंडाला पाण्याचा चमचा लावला आणि म्हणालो, "बोलू नकोस, त्रास होईल." त्रास कुणाला होईल, हे मी सांगितलं नाही.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. सुशीलावहिनी तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पाट, फावडं, कोळपं, तुझा प्रश्न, माझं उत्तर. त्यांचे हात चालत राहिले. सांगून झालं तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं त्या रडतील किंवा शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे माझ्यापाशी काय सांगता? ते जिथे हात जोडून उभे राहिले होते, तिथे जाऊन सांगा."

मी म्हणालो, "जातो."

"आज जा," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत तुमचा विचार बदलेल."

त्या मला बरोबर ओळखतात.

मी कळंबला गेलो. उन्हं कलली होती, माणसं रानातून परतत होती. मारुतीच्या देवळापुढे धोंडूबाबा बसला होता, आणखी चार-सहा जण होते. चांगुणा विहिरीवरून येत होती, तिला मी थांबायला सांगितलं. पाणी मी दिलं, मास्तरची नजर चुकली नव्हती, मी त्यांच्याशी खोटं बोललो, तुमचा वाल माझ्यामुळे गेला, असं सगळं बोललो. मला मनातून वाटत होतं की आता कुणीतरी अंगावर येईल. यावं असंच वाटत होतं.

कुणी आलं नाही. एकजण उठून म्हशी बांधायला गेला. एकजण थुंकला, पण तो तंबाखू खात होता, मला उद्देशून थुंकला की नाही ते सांगता येत नाही. धोंडूबाबाने डोकं खाजवलं आणि विचारलं, "मंग त्यो कापूस खरा येनारा हुता का नाय?"

वामन, या एका प्रश्नासाठी तू पाच वर्षं त्या चिखलात काढली होतीस. मी म्हणालो, "माहीत नाही, बाबा. मी पाणी दिल्यामुळे ते कळायची सोयच राहिली नाही."

तेव्हा चांगुणा बोलली. डोक्यावरची घागर तिने उतरवलीसुद्धा नव्हती. "आला हुता की. वरल्या बांधाकडं सात झाडं हुती. बाकी समदं वाळलं, ती नाय वाळली. चैतात फुटली. ही एवढाली बोंडं."

मी विचारलं, "सात? पाणी घातलं होतंस?"

"मानसांना नव्हतं, झाडांना कुटलं घालू?"

"मग सांगितलं का नाहीस? मास्तरला का नाही सांगितलंस?"

"मी टोपली वतून आल्यावं फुटली ती. परत कुटं जानार हुते त्याच्या दारात? त्याचं त्वांड बघायाची इच्छा नव्हती. मानूस बरा हुता. पन तवा राग हुता."

"कापसाचं काय केलंस?"

"पोराची उशी भरली. उरला त्याच्या वाती वळल्या."

"आणि सरकी?"

"म्हशीला घातली. ठिवून काय करायची हुती?"

ती घागर सावरत निघून गेली. धोंडूबाबा म्हणाला, "बसा, बाळूभाऊ, च्या घ्या." मी चहा घेतला. घेववला मला, वामन. गोड होता.

तिथून कर्जतला येईपर्यंत दिवेलागण झाली. वहिनी दारातच होत्या. मी सांगितलं की सात झाडं जगली होती. उशिरा पेरलेली, पाण्याविना. वामनची नजर ठीक होती.

"सात?" त्यांनी विचारलं.

"सात."

त्यांनी दाराची चौकट धरली. मग पदराने तोंड पुसून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, आता तुम्ही या घरी येऊ नका."

मी जात नाही. म्हणून तुला हे असं लिहून कळवतो आहे.